क्रोनोग्राफवर गोळीचा बीसी दर वेळी वेगळा येतो: चूक कुठे शोधायची

तक्रार नेहमी साधारण अशीच असते. तीच रायफल, त्याच लॉटची काडतुसं, तीच रेंज. एका दिवशी क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, मोजलेल्या वेगांवरून बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे बीसी (गोळी हवेत वेग किती टिकवते याचा आकडा), ०.४३ निघतो, दुसऱ्या दिवशी ०.४९. डब्यावर छापलेलं असतं ०.४६. मग कुणी गोळीला दोष देतं, कुणी गोळीचा मार्ग काढणाऱ्या अ‍ॅपला, आणि बहुतेक जण छापलेला आकडा टाकून मोकळे होतात. आमच्या मते गोळीचा दोष सगळ्यात शेवटी धरावा, कारण दहातल्या आठ वेळा चूक मापनात असते आणि ती सापडते.

आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बीसी कुणी थेट मोजत नाही. आपण दोन ठिकाणचा वेग मोजतो आणि मधल्या अंतरात किती वेग गेला यावरून बीसी काढतो. ०.३०८ इंच व्यासाची १६८ ग्रेन वजनाची मॅच (स्पर्धेची) गोळी ८०५ मी/से वेगाने निघाली, तर पहिल्या १०० मीटरमध्ये साधारण ६० ते ६५ मी/से गमावते. तुमचं सगळं उत्तर या साठ-पासष्टात दडलेलं आहे, ८०५ मध्ये नाही. जवळचा क्रोनोग्राफ २ ने जास्त आणि लांबचा २ ने कमी दाखवत असेल, तर दोन्ही यंत्रं आपापल्या जागी पाव टक्क्याच्या आसपासच चुकलेली असतात. खोक्यावरच्या दाव्याप्रमाणे ती निर्दोषच ठरतील. पण फरकात चूक होते ४ मी/से, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. ०.४६ चा ०.४३ इथेच होतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, दोन क्रोनोग्राफमधलं अंतर वाढवलं की तीच चूक लहान होते. ३०० मीटरवर हीच गोळी १७५ ते १८० मी/से गमावते, तेव्हा ४ मी/से ची चूक दोन-सव्वादोन टक्क्यांवर येते. दोन, यंत्र खरा वेग दाखवतं की नाही यापेक्षा दोन्ही यंत्रं एकमेकांशी जुळतात का, हे बीसीसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

दोन क्रोनोग्राफ एकमेकांशी जुळवा

हे काम सहसा कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो. दोन्ही यंत्रं एकामागे एक लावा, पहिलं नळीच्या तोंडापासून ४ मीटरवर, दुसरं ५ मीटरवर. दोन्ही एकाच सरळ रेषेत आणि एकाच उंचीवर. १० गोळ्या झाडा आणि प्रत्येक गोळीचे दोन्ही आकडे लिहा. मग यंत्रांची अदलाबदल करा आणि आणखी १० झाडा.

समजा पहिलं यंत्र ‘अ’ आणि दुसरं ‘ब’. अ पुढे असताना अ वजा ब सरासरी २.६ आलं. ब पुढे आणला तेव्हा अ वजा ब १.४ आलं. दोन्हींची सरासरी २.०. म्हणजे अ हे यंत्र ब पेक्षा २ मी/से जास्तच दाखवतं. एका मीटरमध्ये हवेने खाल्लेला वेग या अदलाबदलीत आपोआप कटला, तो किती हे वेगळं काढायची गरज नाही. आता अ जवळ आणि ब लांब ठेवा, आणि हा २ चा फरक ब च्या आकड्यात मिळवला की झालं.

हा फरक त्या दिवशीच्या उजेडापुरता आणि त्या मांडणीपुरताच खरा असतो. यंत्र घडी घालून पुन्हा उघडलं, ढग आले, डिफ्यूझर (सेन्सरवर लावायचे पांढरे पडदे) काढले की तो बदलतो. म्हणून जुळवणी ज्या दिवशी, मोजणीही त्याच दिवशी.

आणि जवळचा व लांबचा वेग एकाच गोळीचा हवा. आधी पाच गोळ्या जवळून मोजल्या, मग यंत्र उचलून १०० मीटरवर नेलं आणि दुसऱ्या पाच मोजल्या, हा शॉर्टकट महागात पडतो. काडतुसांचं प्रमाण विचलन ४ मी/से असेल, तर पाच-पाच गोळ्यांच्या दोन सरासऱ्यांच्या फरकातच अडीच मी/से ची अनिश्चितता राहते. यंत्राने काहीही चूक न करता बीसी चार टक्के हलला. एकच क्रोनोग्राफ असेल तर निदान २०-२० गोळ्या लागतील, आणि त्यातही नळी तापण्याचा हिशेब आलाच.

जवळचा क्रोनोग्राफ उलटसुलट दाखवत असेल

ऑप्टिकल क्रोनोग्राफ गोळीची सावली बघतो. पहिल्या सेन्सरवर सावली पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. सेन्सरमधलं अंतर ६० सेंटीमीटर असेल तर ८०० मी/से ची गोळी ते ७५० मायक्रोसेकंदांत पार करते. सेन्सरने गोळी एक मिलिमीटर आधी किंवा नंतर ‘पाहिली’, तरी १.३ मी/से चा फरक पडतो. बाकीची लक्षणं या एका आकड्यातून कळतात.

सगळे आकडे एकसारखे पण जास्त येत असतील तर घडीचं यंत्र पूर्ण उघडलंय का ते बघा. बिजागरी थोडी दुमडलेली राहिली की सेन्सर जवळ येतात, वेळ कमी भरते, वेग फुगतो. एकसारखे पण कमी येत असतील तर यंत्र गोळीच्या मार्गाशी तिरकं आहे. ५ अंश तिरकं असेल तर ८०० चे ७९७ दिसतात, १० अंशाला ७८८. डोळ्याने १० अंश ओळखू येतात, ५ येत नाहीत. बोल्ट काढून नळीतून टार्गेटकडे बघा, किंवा बोअर लेझर लावून त्याचा ठिपका दोन्ही सेन्सरच्या बरोबर मध्यावरून आणि समान उंचीवरून जातो का ते तपासा. स्पिरिट लेव्हल यंत्रावर ठेवून भागत नाही. रेंजचं टार्गेट बेंचपेक्षा खाली-वर असेल तर गोळीचा मार्गही तसाच असतो, आणि यंत्र त्या मार्गाला समांतर हवं, जमिनीला नाही.

आकडे विखुरलेले असतील, मधेच एखादा ९०० च्या घरात जात असेल, तर नळीच्या तोंडातून येणारा झोत आधी तपासा. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवलेला, झोत वळवणारा भाग) असलेल्या रायफलीत तो बाजूला पसरतो आणि ट्रायपॉड हलवतो. यंत्र ३ मीटरच्या आत ठेवू नका, मोठ्या काडतुसाला ५ मीटर द्या. मग तोंडाजवळचा वेग हवा असेल तर गेलेला वेग परत मिळवा: वरच्या गोळीला मीटरमागे साधारण ०.६ मी/से, म्हणजे ४ मीटरला अडीचच्या आसपास.

पॉइंट टू टू (०.२२ इंची) च्या सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू, काडतुसांचं एक खास लक्षण आहे. गोळी ३२५ ने जायला हवी आणि पडद्यावर दर वेळी ३४५ ते ३५५ दिसतंय, गोळी बदलली तरी फारसं हलत नाही. तो गोळीचा वेग नाही, आवाजाचा आहे. झाडल्याचा आवाज गोळीला मागे टाकून आधी पोचतो आणि सेन्सर त्याच्यावरच चालू होतो. यंत्र आणखी लांब न्या, किंवा मध्ये भोक पाडलेली प्लायवुडची आडोशाची फळी ठेवा; भोक गोळीच्या मार्गाला पुरेसं मोठं, निदान १५ सेंटीमीटर.

उजेडाचं काय? कडक ऊन असेल तर डिफ्यूझर लावा, म्हणजे सेन्सरला वर सगळीकडे सारखा पांढरा पडदा दिसतो. सूर्य कलल्यावर डिफ्यूझरखालून ऊन थेट सेन्सरवर येतं; तेव्हा पुठ्ठ्याची आडोशाची पट्टी लावणं एवढाच उपाय. तांब्याची चकचकीत गोळी खालच्या पांढऱ्या वाळूचा उजेड परावर्तित करते आणि सेन्सरला सावलीऐवजी चमक दिसते. गोळीचा उघडा भाग काळ्या मार्करने रंगवून पाच गोळ्या झाडून बघा; आकडे एकदम शांत झाले तर कारण सापडलं. बंद रेंजमध्ये ट्यूबलाइट असेल तर त्या उजेडाची लुकलुक सेन्सरला दिसते. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा होते. तिथे इन्फ्रारेड पडद्याचं यंत्रच वापरा, ट्यूबलाइटशी भांडत बसू नका. आणि हे सगळं करण्याआधी बॅटरी बदला. अर्धवट उतरलेली ९ व्होल्टची बॅटरी वरच्या सगळ्या लक्षणांची नक्कल करू शकते.

नळीला पट्ट्याने बांधायचे चुंबकीय क्रोनोग्राफ उजेडाच्या कटकटीतून सोडवतात. पण त्यांचं वजन नळीच्या टोकावर असतं, त्यामुळे गोळी लागायची जागा सरकते. त्यांच्यावरून वेग घ्या, ग्रुप (भोकांचा पुंजका) आणि झिरो (नेमाची जुळवणी) घेऊ नका.

लांबचा क्रोनोग्राफ

इथला पहिला प्रश्न यंत्र शाबूत राहण्याचा आहे. सेन्सरवरची कामाची खिडकी साधारण १५ ते २० सेंटीमीटर उंच असते. तुमचा ग्रुप आणि वाऱ्याची सरक मिळून तिच्या निम्म्यात बसत असेल एवढ्याच अंतरावर यंत्र न्या. ३०० मीटरवर तसं बसत नसेल तर २०० वर थांबा. गोळी लागलेल्या यंत्राला बीसी मोजता येत नाही. पुढून वाळूच्या पिशव्या किंवा जाड लाकूड लावून इलेक्ट्रॉनिक्सचा भाग झाका. उघडी पोलादी पाटी नको, तिच्यावरून गोळी उसळते. रेंज ऑफिसरने लाइन थांबवल्याशिवाय, सगळ्या रायफली रिकाम्या, बोल्ट उघडे आणि चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) लावलेले असल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, यंत्र कितीही वाकडं झालेलं असो.

अंतर दोन यंत्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, बेंचपासून टार्गेटपर्यंत नाही. कारण पडद्यावरचा वेग हा दोन सेन्सरच्या मधल्या बिंदूवरचा सरासरी वेग असतो. १०० मीटरला १ मीटरची चूक म्हणजे बीसीत १ टक्का. रेंजच्या पाट्यांवर विसंबू नका. काही रेंजवर पाटी यार्डांची असते आणि सगळे तिला मीटर म्हणतात. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, म्हणजे इथेच साडेआठ टक्क्यांची गडबड.

लांबच्या यंत्रावर गोळी वर-खाली जाते तेव्हा आकडे उंचीप्रमाणे बदलतात का तेही पाहा. सेन्सर एकमेकांना समांतर नसतील तर वरून गेलेली गोळी वेगळा आकडा दाखवते आणि खालून गेलेली वेगळा. टार्गेटवरच्या भोकांना क्रमांक देत गेलात तर हे लगेच दिसतं.

डॉप्लर रडार असेल तर हा लांबचा क्रोनोग्राफ लागतच नाही. ते एकाच गोळीचा वेग अनेक अंतरांवर देतं, त्यामुळे जुळवणीचा प्रश्न मिटतो. मात्र लांब जाताना सिग्नल क्षीण होतो, आणि शेवटच्या काही मीटरचे आकडे उड्या मारायला लागतात. ते आकडे काढून टाका, त्यांनीच बीसी बिघडतो. रडारचं तोंड टार्गेटकडे नीट रोखलंय का आणि नळीपासून ते किती बाजूला आहे हे सेटिंगमध्ये बरोबर भरलंय का, एवढं तपासा. शेजारच्या लेनवरच्या गोळीने रडार चालू होत असेल तर संवेदनशीलता कमी करा. शिवाय काही छोटी रडार यंत्रं फक्त तोंडाजवळचा वेग देतात. त्यांच्यावरून बीसी निघत नाही.

हवा: आकडा बरोबर, उत्तर चूक

वेग दोन्हीकडे अचूक मोजले आणि तरी बीसी ०.५२ आला? तर हवेचे आकडे उघडा. प्रमाण हवा म्हणजे १५ अंश सेल्सिअस, १०१३.२५ हेक्टोपास्कल, घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर. तुमच्या रेंजवर ३५ अंश आणि ९५० हेक्टोपास्कल असेल तर घनता १.०७ च्या आसपास उतरते, म्हणजे सव्वाबारा टक्के पातळ हवा. पातळ हवेत गोळी कमी वेग गमावते. अ‍ॅपला हे सांगितलं नाही तर ते श्रेय गोळीला देतं, आणि ०.४६ चा ०.५२ होतो.

यातली सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब भरणं. तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. साडेपाचशे मीटर उंचीच्या रेंजवर तो १०१० दाखवेल, खरा दाब मात्र ९५० च्या आसपास असेल. बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये ‘स्टेशन प्रेशर’ म्हणून हा ९५० भरायचा, आणि मग उंचीचा रकाना पुन्हा भरायचा नाही. दोन्ही भरले तर काही अ‍ॅप उंची दोनदा धरतात. हातातलं वाऱ्याचं मीटर दाब दाखवत असेल तर त्याची उंची शून्यावर ठेवा, म्हणजे ते खरा दाब देतं. तापमान सावलीतलं घ्या. उन्हात तापलेल्या बेंचवर ठेवलेलं मीटर आठ-दहा अंश सहज जास्त दाखवतं.

दमटपणाची लोक उगाच काळजी करतात. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, जड नव्हे, आणि ३५ अंशांच्या दमट दिवशीही फरक जेमतेम दीड टक्का. समोरून ५ मी/से चा वारा असेल तर साधारण १ टक्का. मोजणी शांत हवेत करा, विषय संपला.

छापलेला आकडा कुठल्या हवेवर आधारलाय हेही बघावं. जुन्या ‘आर्मी मेट्रो’ प्रमाणावरचा आणि ‘आयकाओ’ प्रमाणावरचा (वर दिलेल्या प्रमाण हवेचा) बीसी यांत १.८ टक्क्यांचा फरक असतो.

जी१ की जी७?

बीसी कुठल्या प्रमाण गोळीच्या तुलनेत काढलाय, हे जी१, जी७ या नावांवरून कळतं. जी१ चा नमुना सपाट बुडाच्या जुन्या घडणीचा आहे, जी७ चा लांब नाकाच्या आणि निमुळत्या बुडाच्या गोळीचा. एकाच गोळीचा जी७ आकडा जी१ च्या साधारण निम्मा असतो. अ‍ॅपमध्ये जी१ निवडून ०.२२ भरलं तर गोळी टार्गेटच्या आधीच जमिनीला लागेल असं गणित येईल. ही चूक निदान लगेच कळते.

न कळणारी चूक वेगळी आहे. निमुळत्या बुडाच्या गोळीचा जी१ बीसी वेगाबरोबर बदलतो. तुम्ही ८०५ ते ७४० मी/से च्या पट्ट्यात मोजला आणि डब्यावर सगळ्या अंतरांची सरासरी छापलेली असेल, तर दोन्ही आकडे खरे असूनही जुळणार नाहीत. अशा गोळीसाठी जी७ वापरा. पॉइंट टू टू ला मात्र जी१ च ठीक.

खरोखरच गोळी कमी पडत असेल तर

मापन स्वच्छ झालं, हवा बरोबर भरली, तरी बीसी सतत चार-पाच टक्के कमीच येतो. आता नळीच्या पिळाकडे बघायला हरकत नाही. पीळ पुरेसा नसेल तर गोळी उलटत नाही, पण थोडी डोलत जाते, आणि डोलणारी गोळी हवेला जास्त अंग दाखवते. स्थिरता गुणांक (पीळ त्या गोळीला कितपत पुरतो याचा आकडा) १.५ च्या खाली गेला की बीसी घटायला लागतो. मिलरच्या सूत्राने ०.३०८ इंची, १७५ ग्रेन, १.२४ इंच लांबीच्या गोळीला १२ इंचांच्या पिळात (१२ इंचांत एक वेढा) १.७ च्या आसपास मिळतात, १० इंचांच्या पिळात २.४. म्हणजे दोन्हीकडे ती सुरक्षित आहे. पण याच नळीत त्याहून लांब गोळी घातली की १२ इंचांचा पीळ काठावर येतो. थंडीत हवा दाट होते आणि गुणांक आणखी उतरतो. उन्हाळ्यात बरी वाटलेली गोळी हिवाळ्यात बीसी का हरवते याचं हे एक खरं कारण आहे. कागदावरची भोकं गोल आहेत म्हणून गोळी स्थिर आहे असं समजू नका. भोक लांबट दिसायला बरंच डोलावं लागतं.

वेग चढत गेला तर नळीचं तापमान बघा. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस मिनिटभर पडून राहिलं की पावडर तापते आणि वेग चढतो. काडतुसं सावलीत ठेवा, लोड केल्यावर लगेच झाडा.

वेग जुळतो, पण टार्गेटवर गोळी खाली लागते

इथे बहुतेक जण अ‍ॅपमधला बीसी कमी करत बसतात आणि आकडा जुळेपर्यंत थांबत नाहीत. त्याआधी स्कोपची परीक्षा घ्या. १०० मीटर टेपने मोजा. सव्वा मीटर उंच कागद लावा, त्यावर ओळंब्याने उभी रेघ मारा. तळाच्या खुणेवर ग्रुप घ्या, टरेट (स्कोपवरची नेम वर-खाली करायची चकती) १० मिल (१ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर) वर फिरवा, त्याच खुणेवर नेम धरून पुन्हा ग्रुप घ्या. दोन ग्रुपच्या मध्यांत बरोबर १०० सेंटीमीटर अंतर हवं. ९७ भरलं तर तुमची क्लिक (टरेटचा एक टप्पा) ३ टक्के लहान आहे, आणि हा आकडा अ‍ॅपमध्ये टरेटच्या दुरुस्तीत जातो, बीसीत नाही. वरचा ग्रुप रेघेच्या बाजूला गेला तर स्कोप तिरका बसलाय. टरेट कोनाच्या मिनिटांत फिरणारा स्कोप असेल तर १०० मीटरवर १ मिनिट म्हणजे २९.१ मिलिमीटर, २५ किंवा ३० नव्हे.

स्कोप खरा निघाला तर कुठल्या अंतरावर चूक दिसते ते बघा. ३०० मीटरवर बीसीतली ५ टक्के चूक जेमतेम एक सेंटीमीटर देते, एका क्लिकपेक्षाही कमी. तिथे दिसणारी चूक बीसीची असूच शकत नाही. ती वेगाची किंवा झिरोची आहे. झिरो १ सेंटीमीटर हलला असेल तर सगळ्या अंतरांवर सारखी ०.१ मिल चूक येईल. वेग १ टक्का चुकला असेल तर गोळीची घसरण २ टक्क्यांनी चुकते, म्हणजे अंतराबरोबर चूक वाढत जाईल. ३०० ते ४०० मीटरपर्यंत सगळं जुळून ८०० वर गोळी ३० सेंटीमीटर खाली लागत असेल, तेव्हाच बीसीला हात लावा. तोही वेग आवाजाच्या १.२ पटीच्या वर असेल त्याच अंतरापर्यंत. १५ अंशांना ही मर्यादा ४०८ मी/से, ३५ अंशांना ४२३. त्याच्या खाली गेलेल्या गोळीवरून काढलेला बीसी जवळच्या अंतरांवर वापरू नका, तिथे तो जुळणार नाही.